ओहोटीची पड

परवा मी न्हाणीघरात पडले. वयाच्या मानानं चांगली धप्पकन पडले. सून किंचाळली, शेजारचे धावले, रिक्षा आली, हाडांच्या डॉक्टरनं माझे चारही बाजूंनी फोटो काढले आणि शेवटी चष्मा कपाळावर सरकवून तो म्हणाला, "आजी, नशीबवान आहात. या वयात अशी पडलेली बाई चालत घरी जात नाही." मी म्हटलं, "नशीब कसलं? मला पडायला शिकवलंय." डॉक्टरनं माझ्या मुलाकडं पाहिलं. डोक्याचाही एक फोटो काढून घ्यावा, असं त्याचं मत पडलं.

डोक्याचा फोटोही स्वच्छ निघाला. पण तेव्हापासून माझे रेवदंड्याचे घरमालक मनातून हलायला तयार नाहीत.

स्वराज्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. मी ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली देशावरची पोर. समुद्र पाहिलेला तो भूगोलाच्या पुस्तकात, आणि मासा पाहिलेला तोही लांबून, नाकाला पदर लावून. पहिलीच नेमणूक रेवदंड्याच्या मराठी शाळेत झाली. आगबोट खाडीच्या तोंडाशी थांबली, तिथून होडीनं धक्क्यावर आले, तर हेडमास्तरांनी ठरवलेल्या खोलीचे मालक मला न्यायला उभे होते. डोक्याला लाल रुमाल, दाराएवढी छाती, आणि नाक डाव्या बाजूला असं वळलेलं की गालाशी काही गुप्त बोलणं चाललं असावं. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मी रागवायच्या तयारीत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, तुमी पडाल तवा उजव्या अंगावर पडाल."

"मी कशाला पडेन?"

"सगळी पडतात," असं म्हणून त्यांनी माझी ट्रंक खांद्यावर टाकली आणि चालू लागले.

त्याच आठवड्यात धक्क्याच्या शेवाळावर मी पडले. उजव्या अंगावर. मला उचलायला मालकच धावले, आणि माझ्या कोपराला रक्त आलेलं असताना त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की मला एक फटका द्यावासा वाटला.

त्यांचा पूर्वीचा धंदा मला पहिल्या रविवारी कळला. ओट्यावर बसून ते जाळं सांधत होते. खुर्चीवर ते कधी बसत नसत. खुर्ची म्हणजे उगाच घेतलेली उंची, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, "मालक, नाकाला काय झालं?"

"धंद्यात गेलं," ते म्हणाले.

मालक लढाईच्या काळात मुंबईच्या बंदरावर ओझी उचलत. आणि संध्याकाळी गोदीमागच्या एका बंद गोदामात चोरून बॉक्सिंग चाले, तिथं जात. गोरे खलाशी, सोल्जर, काही शेठ मंडळी, सगळे गोलात उभे, दारं आतून लावलेली. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून आवाज करायला बंदी. टाळी वाजवणाऱ्याला बाहेर काढत. कुणी फारच खूश झाला तर त्यानं रुमाल हलवायचा. अशा त्या मुक्या गोदामात आमचे मालक हरत. हरणं हीच त्यांची नोकरी. पैज चालवणाऱ्यांनी ज्याला जिंकवायचं ठरवलं असेल त्याच्यासमोर मालकांना उभं करायचं, त्यांनी थोडा वेळ झुंजायचं, आणि मग असं पडायचं की गोऱ्यालासुद्धा वाटावं, ठोसा खरा बसला.

"कधीच जिंकला नाहीत?" मी विचारलं.

"येकदा. चुकून. समोरचा केळीच्या सालीवर घसरला. मंग मला कितीतरी दिवस कामावर घेतला न्हाय."

मला हसू आलं. माणसं आपल्या जिंकल्याच्या कथा सांगतात. हा गृहस्थ आपल्या पराभवांची यादी अशी सांगत होता की ऐकणाऱ्याला वाटावं, पदकं दाखवतोय. "मारनारे पैशाला पासरी, बाई," ते म्हणाले. "पडनारा लाखात येक. मात्र येक दुःख हाय. इतकी वर्षं पडलो, पन टाळी न्हाय मिळाली. रुमाल हलले. रुमालाचा काय आवाज येतो?"

"मग सोडलंत का?"

"मी कुठं सोडलं? गोरे गेले, गोदाम बसलं. स्वराज आलं आनि मी हुबा ऱ्हायलो."

हे वाक्य ते दर स्वातंत्र्यदिनाला झेंड्याखाली उभं राहून म्हणत, आणि हेडमास्तर दर वेळी दुसरीकडं पाहत.

मालकांनी पडण्याचे प्रकार पाडले होते आणि त्यांना नावं दिली होती. नारळ म्हणजे जागच्या जागी, थड. माड म्हणजे न वाकता सबंध पाठीवर. ही फक्त ओल्या वाळूत करायची. जाळं म्हणजे आधी गुडघे, मग कंबर, मग खांदे, असं घड्या घालत खाली. आणि सगळ्यांत अवघड ती ओहोटी. ठोसा लागल्यावर माणूस पडत नाही, एक पाऊल मागं जातो, थांबतो, आणखी मागं जातो, बघणाऱ्याला वाटतं सावरला, आणि मग तो हळूच बसतो आणि कलंडतो. ओहोटी बघून एका गोऱ्या खलाशाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं मालक सांगत.

प्रकार कुठलाही असो, नियम ठरलेले होते. हनुवटी छातीशी. श्वास सोडून पडायचं, कारण भरलेलं मडकं फुटतं आणि रिकामं गडगडतं. आणि सगळ्यांत मोठा नियम हाताचा. "हात टेकायचा न्हाय. मानूस पडताना हात पुढं करतो आनि मनगट मोडून बसतो. गोदामात आमी हातच बघायचो. हात टेकला, तर समजायचं गडी खरा पडला. न्हाय टेकला, तर आपल्यातला."

संध्याकाळी ते किनाऱ्यावर पोरांना शिकवत. मलाही शिकवलं. आधी मी नऊवारी लुगड्याचं निमित्त सांगून टाळलं, पण काकींनीच, म्हणजे मालकांच्या बायकोनं, मला वाळूत ढकलून दिलं. त्या कोळीवाड्यात लहानथोर सगळ्यांना ओहोटी आणि जाळं यांतला फरक कळत असे, जसा इतर गावांत भजन आणि लावणीतला कळतो. याचा परिणाम शाळा तपासायला आलेल्या साहेबांना भोगावा लागला. साहेबांनी दुसरीतल्या एका मुलीला कौतुकानं विचारलं, "बाळ, तुला काय येतं?" त्यांना कविता अपेक्षित होती. ती म्हणाली, "जाळं," आणि त्यांच्या पायाशी घड्या घालत कोसळली. साहेबांना वाटलं फेफरं आलं. त्यांनी घाईघाईनं स्वतःचा बूट काढून तिच्या नाकाला लावला. तिला मदत म्हणून बाकीचा वर्गही पडला. हेडमास्तर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मालक या विद्येचा उपयोगही करत. वाड्यात दोन माणसं जाळ्याच्या जागेवरून हातघाईवर आली की हे मधे जाऊन उभे राहत, कुणाचा तरी धक्का लागायची वाट बघत, आणि लागला की असे पडत की भांडणारे दोघंही पाणी आणायला धावत. पाणी येईपर्यंत भांडण निवलेलं असे. धावत नसे ती एकटी काकी. मालक कुठंही, कसेही पडोत, ती हातातलं काम खाली ठेवत नसे. माशांची पाटी डोक्यावर असली तर पाटीसकट उभी राही आणि म्हणे, "उठा, भाकऱ्या थंड व्हतात." आणि मालक उठत.

मी काकींना एकदा म्हटलं, "तुम्हाला कधी भीती वाटत नाही? एखादे वेळी खरंच लागलं असलं तर?"

"कळंल मला," ती म्हणाली.

आता हिराजीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून झालं. हिराजी हा त्यांचा एकुलता एक मुलगा, विशी ओलांडलेला, बापासारखाच आडवातिडवा, पण नाक सरळ आणि स्वभावही सरळ. त्याला बापाची विद्या मान्य नव्हती. आपला बापूस पैसे घेऊन हरायचा आणि ते चारचौघांत हसत सांगतो, याची त्याला लाज वाटे. किनाऱ्यावर पोरं पडायला शिकत तेव्हा हा लांब जाऊन वाळूच्या पोत्यावर ठोसे मारत बसे. बापाशी बोलायचा तेवढ्यास तेवढं. मालक त्याचं वागणं मनावर घेत नाहीत असं दिसायचं. पण संध्याकाळी तो घरी येईपर्यंत त्यांच्या हातातलं जाळं पुढं सरकत नसे, हे मी माडीवरून पाहत असे.

त्या वर्षी चौलच्या दत्ताच्या जत्रेबरोबर फिरता सिनेमा आला आणि जत्रा आटोपल्यावर तंबू रेवदंड्यात पडला. एक खेळ इंग्रजी होता, बॉक्सिंगचा. इंग्रजी चित्र दाखवायचं तर पडद्याशेजारी उभा राहून मराठीत सांगणारा माणूस लागे, आणि त्यांचा माणूस काविळीनं अलिबागेत पडून होता. तंबूवाल्याला कुणीतरी आमच्या मालकांचं नाव सुचवलं. मालकांना इंग्रजी येत होतं म्हणजे यस, नो आणि जे लिहिता येत नाही ते. पण बॉक्सिंग येत होतं. ते लाल रुमाल नीट बांधून, हातात बांबू घेऊन खोक्यावर उभे राहिले. सगळा कोळीवाडा तंबूत होता. मी आणि काकी बायकांच्या बाजूला बसलो होतो, हिराजी दोस्तांबरोबर मागं.

सुरुवातीला मालकांनी अशी बहार उडवली की लोक पडदा सोडून त्यांच्याकडं बघायला लागले. चित्रातला गोरा जवान एका तळघरात चोरून लढायचा, रात्रीमागून रात्री जिंकायचा. तळघरही आमच्या मालकांच्या गोदामासारखंच होतं. मग त्याचा शेठ, जाड सिगारवाला, त्याला बाजूला घेऊन काही सांगतो. "तो सांगतोय," मालक म्हणाले, "बाबा रे, उद्या पड. यात काय वंगाळ हाय? पडला का घरी जाऊन जेवला. आता बघा, यो उद्या पडनार."

दुसऱ्या दिवशीची लढत सुरू झाली. गोरा पडेना. "आता पडतो," मालक म्हणाले. तो पडला नाही. "आता बघा, ओहोटी घेतोय." त्यानं ओहोटी घेतली नाही, समोरच्याला उताणा केला. पंचानं त्याचा हात वर केला. मालक क्षणभर थांबले आणि बांबू पडद्यावर आपटून म्हणाले, "हरला. त्यांच्यात ज्याचा हात वर करतात त्यो हरलेला असतो. तसा रिवाज हाय त्यांचा."

बायकांनी माना डोलवल्या. तेवढ्यात मागून हिराजीचा आवाज आला. तो उभा राहिला होता. "बापूस खोटं सांगतो. त्यो पडला न्हाय. त्यो मर्द हाय. सगळे काय आमच्या घरासारखे पडाय जन्मले न्हाईत."

मालकांनी बांबू खाली ठेवला आणि खोक्यावरून उतरले. पुढचं चित्र कुणी सांगितलं नाही. गोरा सुजलेल्या तोंडानं हसला, एका मुलीनं त्याला मिठी मारली आणि खेळ संपला. त्याचं पुढं काय झालं, ते चित्रात नव्हतं. मालकांना ते ठाऊक होतं.

घरी आल्यावर मी विचारलं, तेव्हा ते हळूच सांगायला लागले. गोदामात त्यांचा एक दोस्त होता, पेणकडच्या मिठागरातला. सगळ्यांत चांगला लढवय्या. त्याला पड म्हटलं तर तो पडायचा नाही. लोक त्याच्यावर जीव टाकायचे. डोक्यावर ठोसे खात खात तो तीन-चार वर्षं उभा राहिला. "मंग येक दिवस मी भाऊच्या धक्क्यावर गेलो, तर त्यो पायरीवर बसलेला. मला म्हनतो, दादा, पेनला कुठली बोट जाते? मी म्हनलं, अरे मी हाय. त्यानं मला वळखलं न्हाय. रोज यायचा आनि रोज तेच इचारायचा. बोटीत बसवून दिला तरी उतरायचा कुठं त्याला आठवायचं न्हाय." मालकांनी जाळ्याची सुई हातात घेतली आणि तशीच ठेवून दिली. "ही गोष्ट पडद्यावर कवा दाखवतील?"

हिराजी दाराआड उभा राहून ऐकत होता. त्याला ती पटली की नाही कळलं नाही, कारण दुसऱ्याच दिवशी त्यानं घरात सांगितलं, तो मुंबईला चालला. जत्रेत त्यानं एका दांडगटाला दोन ठोशांत लोळवलं होतं, ते मुंबईच्या एका माणसानं पाहिलं होतं. तेलकट केस, पांढरी विजार, बोटांत अंगठ्या. गोरे गेले तरी बंद गोदामं होतीच, आणि हा त्यांच्यासाठी पोरं जमा करायचा. परवाच्या आगबोटीनं तो हिराजीला घेऊन जाणार होता. काकी चुलीपुढं बसून होती, तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "तुमी शिकवलेली सगळी गावची पोरं घरी हायेत. आपलाच जातोय."

मालक रात्रभर ओट्यावर बसले असावेत. सकाळी ते त्या मुंबईवाल्याकडं गेले. चहाच्या दुकानासमोर, आम्ही शाळेत निघालेलो मास्तर-मास्तरणी ऐकत असताना म्हणाले, "पोऱ्या चांगला हाय. पन पारख केली कं? मी हुबा ऱ्हातो. हातसुद्धा उचलनार न्हाय. त्यानं मला पाडलं, तर खुशाल घेऊन जा. न्हाय पाडलं, तर त्यो जानार न्हाय."

मुंबईवाला खो खो हसला. त्यानं मालकांचं नाव पूर्वी ऐकलेलं होतं. "उस्ताद, तुम तो फुंकर मारली तरी पडणारा माणूस. सारी जिंदगी पडण्याचा पगार खाल्ला."

"म्हनून तर सांगतो," मालक म्हणाले.

हिराजीनं कबूल केलं. त्याला ते पोरखेळाचं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं. हा माणूस उभा कसा राहणार? त्याच्या अंगात पडणंच मुरलेलं. आणि त्यात काकीनं सगळ्यांदेखत सांगितलं, "आज पडलाव तर घरात येव नुका."

दुपारी ओहोटीची वेळ होती. शाळा आपोआप सुटली, कारण वर्गात पोरंच नव्हती. हेडमास्तर म्हणाले, मी फक्त शिस्त राखायला येतो, आणि सगळ्यांत पुढं जाऊन उभे राहिले. बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांच्या पलीकडं, ओल्या वाळूत, बापलेक समोरासमोर झाले. मालकांनी रुमाल काढून ठेवला होता. रुमालाशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. केस सगळे पांढरे होते. काकी कमरेवर पाटी घेऊन दोऱ्यांशी बोंबील उलटत होती. तिनं पाठ फिरवली होती.

हिराजीचा पहिला ठोसा भीतभीत पडला, देवाला नारळ वाढवावा तसा. मालक म्हणाले, "तुझी आयस भाकर यापेक्षा जोरात थापते." लोक हसले. दुसरा जोरात आला. मालकांनी खांदा फिरवला, तो घसरून गेला. तिसरा पोटात बसला, आणि मला वाटलं, झालं, आता जाळं. मालकांचे गुडघे वाकलेसुद्धा. सगळ्या आयुष्याची सवय त्या गुडघ्यांत होती. पण ते परत सरळ झाले.

मग हिराजी चिडला. तंबूतलं सगळं त्याच्या अंगात आलं. तो मारत सुटला आणि मालक घेत सुटले. हात दोन्ही बाजूंना लोंबते, हनुवटी छातीशी, श्वास सोडत. नाकातून रक्त आलं, भुवई फाटली. हसणारे लोक गप्प झाले. कुणीतरी म्हणालं, पुरे करा रे. मालक मान हलवून नको म्हणाले. मला ते बघवत नव्हतं आणि नजरही काढता येत नव्हती. काकी त्याच त्या बोंबलाची दोरी परत परत सारखी करत होती.

शेवटी हिराजीचा हातच चालेना. त्यानं एक ठोसा बापाच्या छातीवर टेकवला आणि तो तिथंच राहिला. तो धापा टाकत होता आणि रडत होता. "पड ना, बाबा," तो म्हणाला. "पड की. तुला येतं ना."

"आज येत न्हाय," मालक म्हणाले.

मुंबईवाल्यानं सिगरेट वाळूत टाकली. "बुढ्ढा पडत नाही याच्याकडून. तिकडं नेऊन काय करू?" असं म्हणून तो बाजारपेठेकडं चालता झाला, आणि हिराजीनं त्याला हाकही मारली नाही. तो तोंड फिरवून समुद्राकडं बघत उभा राहिला. सगळ्या गावापुढं आपल्याला म्हातारा बापही पाडता आला नाही, हे त्याच्या पाठीवर लिहिलेलं दिसत होतं.

तेव्हा मालकांनी एक पाऊल मागं घेतलं. थांबले. आणखी एक मागं. माझ्याच वर्गातलं एक पोर ओरडलं, "ओहोटी! ओहोटी घेतायत!" आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. म्हातारा आपल्या लेकाची लाज राखतोय, आता मुंबईवाला गेल्यावर पोराच्या नावानं पडून दाखवतोय, हे आम्हाला कळलं आणि आम्ही टाळ्या वाजवायला लागलो. सगळा किनारा टाळ्या वाजवत होता. हेडमास्तरसुद्धा. मालक हळूच बसले, कलंडले. इतकी सुरेख ओहोटी आम्ही कधी पाहिली नव्हती.

काकीची पाटी खाली पडली. बोंबील वाळूत विखुरले. ती धावत निघाली, पदर सुटलेला, माणसांना ढकलत. ती कधी धावत नसे, म्हणून आमच्या टाळ्या एकेक करून थांबल्या, आणि मग मी पाहिलं. मालकांचा उजवा हात वाळूत टेकलेला होता, आणि मनगट भलतीकडं वळलं होतं.

तिच्याही आधी हिराजी पोचला. त्यानं बापाला लहान मूल उचलावं तसं उचललं. मालकांनी डोळे उघडले आणि लोकांकडं बघून विचारलं, "टाळ्या का थांबवल्या?"

चौलच्या हाडवैद्यानं मनगट बांधलं. ते सांधलं, पण नाकाच्याच बाजूला थोडं वाकडं सांधलं. जाळं विणायची सुई त्या हातात पुन्हा नीट बसली नाही, म्हणून विणायचं काम हिराजीनं घेतलं, आणि मग होडीचंही. बापाशी तो फार काही बोलायला लागला असं नाही. पण बापाशेजारी बसून गप्प राहायला लागला.

मालक मात्र बोलत. पडण्याच्या त्यांच्या यादीत आता ही शेवटची आणि सगळ्यांत मोठी पड होती. ओट्यावर येईल त्याला ते सांगत, की आपण कसे शेवटपर्यंत उभे राहिलो आणि मग मुंबईवाला गेल्यावर पोराची लाज राहावी म्हणून कसे मुद्दाम, ठरवून, ओहोटीनं पडलो, आणि कशा टाळ्या पडल्या. वाड्यातला प्रत्येक माणूस, प्रत्येक पोर, हाताचा नियम जाणत होतं. तरी कुणी कधी एक शब्द काढला नाही. सगळे ऐकत आणि म्हणत, व्हय, काय पडलाव तुमी.

माझी बदली झाली, त्याच्या आदल्या संध्याकाळी अलिबागचा एक बर्फाचा व्यापारी ओट्यावर चहा घेत बसला होता. मालकांनी त्यालाही गोष्ट सांगितली, सगळी, हनुवटी आणि श्वास आणि हाताच्या नियमासकट. माणूस बाहेरचा आणि डोकं हिशेबी. तो म्हणाला, "पण मालक, हात टेकला तर पड खरी, असं तुम्हीच आत्ता म्हणालात. मग मुद्दाम पडलात, तर हे मनगट कसं मोडलं?"

मालकांनी वाकडं मनगट मांडीखाली घेतलं. त्यांचं तोंड तंबूत खोक्यावरून उतरताना झालं होतं, तसं झालं. काकी दारात थांबली.

हिराजी कोपऱ्यात जाळं सांधत होता. त्यानं मान वर केली नाही.

"मुद्दामच पडला," तो म्हणाला. "हात नंतर माझ्या पायाखाली आला. मी जवळ व्हतो. मी बघितलंय."

व्यापाऱ्यानं मान डोलावली आणि बशीत चहा ओतला. मालक बराच वेळ मुलाकडं बघत राहिले. मग त्यांनी मनगट मांडीखालून काढून परत गुडघ्यावर ठेवलं.

"उठा आता," काकी म्हणाली. "भाकऱ्या थंड व्हतात."